कातळावर घर आहे म्हणून बिनघोर?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे पहाटे एक बारीकसा धक्का बसला. पत्रे वाजले, कुत्री भुंकली, गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली, शेजारच्या काकूंनी खिडकीतून "कोयना गो, कोयना" असं ओरडून सांगितलं आणि पाच मिनिटांत सगळी वाडी परत झोपली. आमच्या वाडीत धक्क्याला भूकंप म्हणत नाहीत, कोयनाच म्हणतात. दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली, बातमी बरोबरच होती, पण शेवटी एक वाक्य जोडलं होतं की कोकण पृथ्वीच्या प्लेटच्या काठापासून लांब आहे आणि खाली अखंड कठीण कातळ आहे त्यामुळे घाबरायचं कारण नाही. घाबरायचं कारण नाही हे मला मान्यच आहे हो, म्हैस पण परत बसली म्हटल्यावर माणसांनी काय घाबरायचं. पण ही जी दोन कारणं दिली त्यातलं पहिलं अर्धवट आहे आणि दुसरं चुकीचं, आणि असली वाक्यं डोक्यात बसली की लोक घरं कशी बांधतात ते मी रोज बघतो, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण मधलं गुळाचं तेवढं ठेवा.

मी चिपळूण तालुक्यातल्या पोफळी-अलोरे पट्ट्यात घरं बांधायची कामं घेतो, जास्त करून चिऱ्याची. भूगर्भशास्त्राची डिग्री वगैरे काही नाही. वडील कोयना प्रकल्पाच्या बोगद्यावर कामाला होते त्यामुळे दगडाच्या गोष्टी ऐकतच वाढलो आणि पुढे त्यावर वाचायची सवय लागली ती लागलीच. बाबा सांगायचे, बोगद्यात काळा पत्थर असेतोवर सगळे निवांत, सुरुंग लावा, मलबा काढा, पुढे चला. पण लाव्हाच्या दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा आला की फोरमनचा आवाज बदलायचा, कारण तिथून पाणी झिरपायचं आणि तिथूनच वरचा दगड सुटायचा. एवढा मोठा डोंगर, पण तो कुठे सुटणार हे त्या हातभर पट्ट्यावर ठरायचं.

आता आमच्या घरातली भेग सांगतो. आमचं जुनं घर जांभ्याचं, मातीत बांधलेलं, वर कौलं. ओटीवरून माजघरात जाताना दाराच्या वरच्या कोपऱ्यातून एक भेग निघते आणि तिरकी आढ्याकडे जाते. ती १९६७ ची. ११ डिसेंबरला पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा मोठा भूकंप झाला, ६.३ चा, कोयनानगर जवळजवळ भुईसपाट झालं, पावणेदोनशे ते दोनशे माणसं गेली, धरणाच्या भिंतीला पण तडे गेले. आमची आजी शेवटपर्यंत सांगायची, "मांडनीवरची सगली भांडी खाली टाकलान रे बाला, नि देवातली घाट आपसूक वाजाय लागली." त्यानंतर बाबांनी त्या भेगेत चुना भरला. मग सिमेंट मिळायला लागलं तेव्हा सिमेंट भरलं. मग मी मोठा झालो आणि शहाणपणा करून जाळी मारून नवीन प्लास्टर केलं. दरवेळी एखादा जरा दमदार धक्का आला की प्लास्टरवर केसासारखी रेघ उमटते ती नेमकी त्याच जागी, त्याच तिरकसपणाने. भिंत वीस फूट लांब आहे, फुटायला दुसरी जागा नाही का? आहे की, पण ती कशाला फुटेल.

ह्या भिंतीच्या जागी शंभर-दोनशे किलोमीटर जाडीची खंडाची प्लेट घ्या म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

शाळेत आपल्याला काय शिकवलं? पृथ्वीचा वरचा टणक भाग म्हणजे लिथोस्फिअर, त्याचे तुकडे म्हणजे प्लेट्स, त्या आतून वाकत नाहीत की तुटत नाहीत, जी काय घासाघीस आणि टक्कर व्हायची ती काठावर. हे चुकीचं नाही, ह्याच गृहीतकावर तर सगळी थिअरी उभी राहिली. टणक प्लेट्स गोलावर कशा सरकतात हे गणिताने दाखवणारा डॅन मॅकेन्झी आणि रॉबर्ट पार्कर ह्यांचा गाजलेला पेपर नेचर ह्या विज्ञान साप्ताहिकात छापून आला तो ३० डिसेंबर १९६७ ला. म्हणजे कोयना झाल्यावर बरोब्बर एकोणीस दिवसांनी! तिकडे हा पेपर छपाईच्या वाटेवर होता आणि इकडे कुठल्याही प्लेटच्या काठापासून हजारेक किलोमीटर आत आमच्या आजीची भांडी मांडणीवरून खाली येत होती. त्यात त्यांची चूक काहीच नाही, त्यांनी हिशोब मांडला होता उत्तर पॅसिफिकचा, आणि समुद्राखालच्या प्लेट्सना तो नियम छान लागू पडतो. (एक अपवाद आपल्याच दारात आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रतळाला चक्क सुरकुत्या पडल्यात, पण तो विषय आत्ता नको.) खंडांचं गणित वेगळं. समुद्रतळ तरुण असतो, १८-२० कोटी वर्षांपेक्षा जुना जवळपास कुठेच सापडत नाही, कारण तो तयार होतो, सरकत जातो आणि परत पोटात जातो. खंड हलके, ते बुडत नाहीत, आपल्या द्वीपकल्पात तर ३०० कोटी वर्षांपेक्षा जुने खडक आहेत. इतकी वर्षं जो वर राहिला त्याच्या अंगावर जुने सांधे असणार, अर्धवट फाटून थांबलेल्या जागा असणार, खालून रस घुसून थिजलेल्या चिरा असणार. त्यात खंडाच्या कवचाचा दगड ग्रॅनाइटच्या जातीचा, क्वार्ट्झ म्हणजे गारेचं खनिज भरपूर, आणि क्वार्ट्झ हा प्राणी गरम झाला की सगळ्यांच्या आधी ढिला पडतो.

तर गूळ. डिसेंबर-जानेवारीत गुळाची ढेप फोडायला घ्या, सुरी जात नाही, वरवंट्याने ठोकली तर टवके उडून चुलीपर्यंत जातात. तीच ढेप मे महिन्यात डब्यात ठेवा, एक कण न तुटता आठ दिवसांत बुडाला पसरलेली असते. आणि पावसात डब्याचं झाकण नीट लागलं नाही तर काय होतं ते कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार. मग गूळ टणक की मऊ? गरम किती आहे, ओल किती आहे आणि घाव पटकन घातला की नुसतं वजन ठेवून वाट बघितली, हे विचारल्याशिवाय ह्याला उत्तरच नाही. दगडाचं अगदी तसंच आहे, फक्त आकडे मोठे. क्वार्ट्झवाला दगड साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तुटायच्या ऐवजी सरकायला लागतो, वितळत नाही बरं का, हातोडा मारला तर घट्टच लागेल, पण लाखो वर्षं दाब राहिला तर मेणासारखा पसरतो. फेल्डस्पार ह्या दुसऱ्या खनिजाला त्यासाठी ४५० च्या आसपास लागतात आणि कवचाच्या खाली जो मँटल नावाचा जाड थर आहे त्यातल्या ऑलिव्हिन ह्या खनिजाला ६००-७००. जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढतं, बऱ्याच ठिकाणी किलोमीटरमागे २०-३० अंश, आपल्यासारख्या जुन्या थंड भागात त्याहून कमी. त्यामुळे खंडाची प्लेट म्हणजे एकजिनसी लादी नाहीच मुळी. वरचे काही किलोमीटर ठिसूळ पण दमदार, कवचाच्या तळाकडे कुठे कुठे मऊ पडलेला थर, त्याच्या खाली परत मँटलचा कडक थर, आणि तो मधला थर किती मऊ ह्यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत. जिथे कवच थंड तिथे तो मऊ नसतोच. जबलपूरचा २२ मे १९९७ चा भूकंप जवळपास ३५ किलोमीटर खोल झाला, म्हणजे तिथला दगड तेवढ्या खाली पण कडकडीत राहिलाय, डिसेंबरातल्या ढेपेसारखा.

ओलीचं मात्र गुळासारखं नाही, दगडात विरघळणं हा मुद्दा नसतो. खोलवरच्या गरम क्वार्ट्झच्या स्फटिकात पाण्याचा नखाएवढा अंश जरी शिरला तरी सिलिकॉन आणि ऑक्सिजनची एकमेकांवरची पकड सैल होते आणि दगड लवकर सरकायला लागतो. वरच्या ठिसूळ भागात पाण्याचं काम वेगळं, तिथे भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबून बसलेल्या असतात म्हणून भेग अडकून असते, आत पाण्याचा दाब चढला की ते दाबून बसणं कमी होतं आणि भेग सुटते. आणि अजून एक, जे मला सगळ्यात भारी वाटतं. खोलात एकदा दगड घासत सरकला की त्याचे कण बारीक होतात, आणि बारीक कणांचा दगड पुढच्या वेळी आणखी सोपा सरकतो. म्हणजे कमजोर जागा वापरून वापरून आणखी कमजोर होते. आमच्या चिरेखाणीवर पूर्वी हाताने चिरा काढणारे होते ते पहार मारायच्या आधी दगडावर पाणी ओतून बघायचे, पाणी जिथे रेघ धरून आत जाईल तिथे नस आहे म्हणायचे. आता मशीनच्या पात्याला नस कळत नाही, तुकडेच जास्त निघतात, असो.

ढकलतंय कोण हे पण सांगायला पाहिजे, कारण नुसती कमजोर जागा असून काही होत नाही. आपली प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर उत्तर-ईशान्येला चाललीय. मागून हिंदी महासागरातल्या डोंगरकण्याचा रेटा आणि पुढे हिमालय-तिबेट अडवून बसलेत, त्यामुळे सगळं द्वीपकल्पच दाबाखाली आहे. शिवाय हिमालयाच्या वजनाने प्लेटचं पुढचं टोक खाली वाकलंय आणि त्याची भरपाई म्हणून मागे मध्य भारतात ती किंचित वर फुगलीय, गादीच्या कडेला बसलं की जरा मागे गादी फुगते ना तसं, रॉजर बिल्हॅम ह्या भूकंपशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे मांडलं. दाब सगळीकडे असतो, सुटतो जिथे आधी फाटलेलं असेल तिथे. कच्छ बघा, गोंडवन हा जुना महाखंड फुटताना ती जमीन ताणून फाटायला लागली होती आणि मधेच राहिली, आता त्याच जुन्या चिरा उलट्या बाजूने दाबल्या जातायत. १६ जून १८१९ ला तिथल्या सपाट रणात ८०-९० किलोमीटर लांबीचा बांध आपोआप उभा राहिला, लोकांनी त्याला अल्लाबंद नाव दिलं, आणि २६ जानेवारी २००१ चं भूज तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. अमेरिकेच्या पोटात मिसिसिपीकाठी न्यू मॅड्रिडला ५० कोटी वर्षांपूर्वीची अशीच अर्धवट फाट आहे, तिथे १८११-१२ च्या थंडीत एकामागून एक मोठे भूकंप झाले, प्लेटचा काठ तिथून पार लांब. उत्तर चीन तर आपल्यासारखाच जुना टणक भाग, पण त्याच्या पूर्वेकडचं खालचं जाड मूळ डायनोसॉरच्या काळातच झिजून गेलं, जाडी निम्म्याहून कमी राहिली, आणि १९७६ ला तांगशानमध्ये जवळपास अडीच लाख माणसं गेली ती ह्याच भागात.

आता आपला "अखंड कातळ". सड्यावर जो दिसतो तो जांभा, म्हणजे काळ्या पत्थराचंच पावसापाण्याने कुजून झालेलं टोपण. त्याच्या खाली काळा पत्थर, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. कुंभार्ली घाट चढताना समोरच्या डोंगराला ज्या पायऱ्या दिसतात ते हेच थर, इंग्रजीतलं ट्रॅप हे नाव पण पायरी ह्या स्वीडिश शब्दावरूनच आलं. लोकांना वाटतं हा पत्थर थेट पाताळापर्यंत गेलाय. नाही हो. कोयनेच्या बाजूला गोठणे इथे सरकारने भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, काळा पत्थर साधारण सव्वा किलोमीटरवर संपला आणि खाली एकदम जुना ग्रॅनाइटच्या जातीचा दगड लागला, कित्येक पटीने म्हातारा. कोयनेचे बहुतेक धक्के ह्या खालच्या दगडात होतात, दहाएक किलोमीटर खोलीच्या आत. म्हणजे आमच्या ओटीच्या भाषेत सांगायचं तर काळा पत्थर हे प्लास्टर आहे. भेग मागच्या भिंतीत आहे आणि ती प्लास्टरपेक्षा फार जुनी आहे, प्लास्टर बघून भिंत अखंड आहे असं म्हणण्यात काय अर्थ.

त्यात आपली किनारपट्टी म्हणजे फाटलेल्या कापडाची कड आहे. मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी आपल्यापासून सुटलं, मग खालून तापलेल्या मँटलचा लोट आला, लाव्हा ओतला गेला, प्लेटचा तळ भाजून निघाला, आणि त्याच सुमारास सेशेल्सचा तुकडा पण निघून गेला. ताणताना कड पातळ झाली, तुटली, वाकली. घाटमाथ्यावर लाव्हाचे थर बघा, सरळ आडवे, लेव्हलमध्ये ठेवल्यासारखे. तेच थर मुंबई-पनवेलच्या बाजूला समुद्राकडे कललेले आहेत, भूगर्भवाले त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. टणक प्लेट वाकत नाही म्हणतात ना, मग हे काय आहे? आणि गरम पाण्याचे झरे बघा, पालघर जिल्ह्यापासून खाली राजापूरच्या उन्हाळे गावापर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याला धरून एका ओळीत लागतात, मधे दापोलीचं उन्हवरे, संगमेश्वरचं आरवली, तुरळ, राजवाडी. तुरळला लहानपणी आम्ही एसटीतून उतरून जायचो, कुंडात पाय घालायची पैज लागायची आणि दहा मोजेपर्यंत सगळे बाहेर, गंधकाचा वास घरी येईपर्यंत कपड्याला. ह्या झऱ्यांवरून दरवर्षी व्हॉट्सअॅपला एक फॉरवर्ड फिरतो की खाली ज्वालामुखी जागा होतोय. तसलं काही नाही. पावसाचं पाणी चिरांमधून खूप खोल जातं, तिथे पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या चिरेतून वर येतं. त्यात भ्यायचं काही नाही, पण इतकी खोल चीर तिथे आहे ही गोष्ट मात्र झऱ्याने उघड केली की नाही?

कोयनेचं धरण ह्या सगळ्यावर बसलं. १९६२ पासून पाणी भरायला लागलं आणि धक्के सुरू झाले, पुढे पाचच वर्षांत १९६७. धरणामुळे सुरू झालेल्या भूकंपांमध्ये जगात हाच सगळ्यात मोठा मानला जातो, आणि तेव्हापासून आजपर्यंत ५ च्या वरचे वीसहून जास्त धक्के त्या छोट्याशा पट्ट्यात होऊन गेले. हॉटेलात बसून लोक म्हणतात १०५ टीएमसीचं वजन पडलं म्हणून जमीन खचली. जरा हिशोब करू. शंभर मीटर उंच पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला १० किलो. आणि पाच किलोमीटर खोल दगडावर वरच्या दगडाचंच ओझं चौरस सेंटीमीटरला साडेतेराशे किलोच्या आसपास. साडेतेराशेपुढे दहा म्हणजे काय हो? तेवढ्याने धड भेग तुटायची नाही. तुटली, कारण ती आधीच काठोकाठ ताणलेली होती, भरल्या घागरीत एक वाटी ओतली. आणि ती वाटी वजनाची कमी आणि चिरांतून खाली उतरलेल्या पाण्याच्या दाबाची जास्त, म्हणून तर पावसाळ्यात धरण भरलं की नंतरच्या महिन्यांत धक्के वाढलेले दिसतात. धरणाच्या बाजूने की विरोधात असं मला विचारू नका. आमचं घर त्याच पगारावर उभं राहिलं आणि वीज करून झालेलं पाणी आमच्याच वाशिष्ठीत येतं.

आणि धरण पाहिजेच असंही नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाची रात्र, लोक उशिरा दमून झोपलेले, पहाटे चारच्या आधी ६.२ चा भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तो भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशात पहिल्या झोनमध्ये होता, म्हणजे सगळ्यात निर्धास्त. कोयनेचंही तेच, १९६७ पर्यंत नकाशात खालच्या पायरीवर, १९७० च्या नकाशात थेट चौथ्या झोनमध्ये. २००२ मध्ये तर पहिला झोनच रद्द करून टाकला, आता झोन दोनपासून सुरू होतात. म्हणजे ह्या देशात बिनघोर असा पट्टा कागदावर पण शिल्लक नाही. उत्तर कोकणात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून महिनोन्महिने बारीक धक्के चालू होते, लोक थंडीत तंबूत झोपत होते, ते पण कोकणच.

उगाच घाबरवतोय असं वाटू नये म्हणून दुसरी बाजू पण लिहितो. द्वीपकल्प आतल्या आत वर्षाला एक-दोन मिलिमीटर पण आवळलं जात नाही असं जीपीएसची मापं सांगतात, हिमालयाच्या मानाने काहीच नाही. त्यामुळे एखाद्या ठिकाणी मोठा धक्का होऊन गेला की त्याच जागी परत यायला हजारो वर्षं लागू शकतात. पण ह्यातच गोम आहे, हजारो वर्षं म्हणजे कोणाच्या आजीला आठवत नाही, पोथीत लिहिलेलं नाही, मग आपण म्हणतो इथे कधीच झाला नाही. काठापासून लांब ह्याचा अर्थ क्वचित एवढाच आहे, आणि आपल्या बातमीत तो "होणारच नाही" असा उतरला.

माझ्या धंद्यात त्याचा परिणाम काय होतो ते सांगतो आणि थांबतो. जुनी कोकणी घरं मातीत बांधलेली असली तरी वर हलकी कौलं आणि लाकडी सांगाडा, १९६७ ला भेगा पडल्या पण आमच्या वाडीतलं एकही घर बसलं नाही. किल्लारीत घरांच्या भिंती जाड ओबडधोबड दगडांच्या, मातीच्या आणि वर मातीचं जड माळवद, ते माणसांवर आलं. आता आपल्याकडे काय चाललंय? मुंबईचा चाकरमानी गणपतीला येतो, म्हणतो कौलं फोडतात माकडं, ह्याच जांभ्याच्या भिंतींवर स्लॅब टाकून द्या. भिंत आजोबांची, मातीतली, वर नवीन सहा इंची स्लॅब. म्हणजे किल्लारीचं माळवद आपण स्वतः पैसे देऊन डोक्यावर घेतोय. मी सांगतो की निदान दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग आरसीसीचा पट्टा फिरवू, कोपऱ्यात सळ्या घालू, जाड भिंतीत आरपार दगड घालू, त्याला असा किती खर्च येतो. गावाकडच्या असल्या घरांसाठी आयएस १३८२८ हा भारतीय मानकांचा कोड १९९३ सालीच निघालाय, त्यात हे सगळं चित्रं काढून दिलंय. त्यावर उत्तर ठरलेलं, "अहो कातळावर घर आहे आपलं." एका कार्यालयात तर नकाशा बघणाऱ्या साहेबांनीच मला हे ऐकवलं, वर म्हणाले तुम्ही बिल वाढवायला बघताय. तेव्हा मी काही बोललो नाही, चहा पिऊन आलो. आणि गेल्या आठवड्यात आपल्या पेपरातलं तेच वाक्य कापून एका गिऱ्हाईकाने मला मोबाईलवर पाठवलं, त्याच्याखाली अंगठ्याचं चित्र.

एवढंच म्हणणं आहे की पुढच्या वेळी धक्क्याची बातमी लावताना ते शेवटचं वाक्य गाळा आणि त्या जागी भिंतींवरून फिरवायच्या आरसीसी पट्ट्याचं एक वाक्य टाका.

ओटीच्या भेगेवर प्लास्टर करणं मी आता सोडलंय. भेगेच्या दोन्ही बाजूंना धरून काचेची एक पातळ पट्टी सिमेंटने चिकटवलीय, शेजारी पेन्सिलने तारीख. भिंत जरा जरी हलली तर काच आधी तुटते. मागच्या आठवड्यातल्या धक्क्याला तुटली नाही, सकाळी उठून पहिलं तेच बघितलं. आपला वार्ताहर ह्या बाजूला आला तर दाखवीन.

आपला एक जुना वाचक,
ता. चिपळूण, जि. रत्नागिरी